कॉर्नेट शिकतांना गुरु कशाला हवा ?



लग्नाच्या वरातींत कॉर्नेट वाजूं लागलें म्हणजे मुलांचें लक्ष वादकाच्या बोटांकडे जातें. बोटांखालचे तीन दट्टे भराभर खालींवर होतात, आणि स्वर त्या बोटांतूनच निघतात असें त्यांस वाटतें. मोठ्यांचीहि समजूत बहुधा तशीच असते. म्हणूनच एक वाद्य आणि एक पुस्तक आणून दिलें कीं मुलगा आपला आपण शिकेल, असें पुष्कळ पालक मानतात. पितळी वाद्याच्या बाबतींत हा समज कां टिकत नाहीं, तें आज सांगावयाचें आहे.

कॉर्नेट म्हणजे सुमारें दीड मीटर लांबीची गुंडाळलेली नळी होय. तिला बासरीसारखीं भोकें नाहींत, कीं सनईसारखी पत्ती नाहीं. पत्तीचें काम वादकाचे ओठ करतात. वाटीसारख्या माउथपीसवर ओठ मिटून श्वास सोडला म्हणजे ते थरथरतात, आणि नळींतील हवा त्या थरथरीनें नादूं लागते. वाद्यांचा मेळ घालण्यासाठीं जो स्वर सामान्यतः प्रमाण धरतात, तो काढावयाचा तर ओठांस एका सेकंदांत ४४० वेळां थरथरावें लागतें. आपलें शिंग व तुतारी हीं याच कुळांतलीं वाद्यें.

एकहि दट्ट्या न दाबतां, केवळ ओठांचा ताण व श्वासाचा वेग बदलून, या नळींतून सा, प, तार सा, तार ग, तार प असे स्वर निघतात. मधल्या जागा भराव्या म्हणून दट्ट्यांची युक्ति निघाली; १८१८ सालीं प्रशियांत श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोघांस तिचें पेटंट मिळालें. दट्ट्या दाबला कीं नळीस आणखी एक तुकडा जोडला जातो व स्वर उतरतो. दुसरा दट्ट्या अर्धा स्वर उतरवितो, पहिला एक स्वर आणि तिसरा दीड स्वर.

आतां थोडें गणित पाहूं. अर्धा स्वर उतरण्यास नळी शेंकडा सुमारें ६ नें वाढावी लागते, एक स्वरास १२ नें आणि दीड स्वरास १९ नें. तिन्ही दट्टे एकदम दाबले म्हणजे ३७ ची वाढ होते. पण तीन स्वर उतरण्यास सुमारें ४१ ची वाढ हवी ! नळी आंखूड पडते आणि स्वर चढा लागतो. व्याजावर व्याज चढतें, त्यांतलाच हा प्रकार आहे. ही उणीव ओठ किंचित् सैल करून, किंवा तिसऱ्या दट्ट्याची सरकती नळी बाहेर ओढून भरून काढावी लागते. किती, तें कानच ठरवितो. आणि नवशिक्याचा कान अजून तयार झालेला नसतो.

पॅरिसच्या आर्बां या वादकाचें कॉर्नेटशिक्षणाचें पुस्तक १८६४ सालीं निघालें आणि अद्यापि जगभर वापरलें जातें. त्याची योग्यता मोठी आहे. परंतु मुलाचा स्वर चढला हें पुस्तकास ऐकूं येत नाहीं, आणि त्याचे खांदे उचलले गेले हें त्यास दिसत नाहीं. जाणता बँडमास्तर आरंभीं नुसता माउथपीस हातीं देतो. पुढें दिवसेंदिवस एकच लांब स्वर काढवितो. गाल फुगूं देत नाहीं. श्वास पोटापर्यंत घ्यावयास लावतो. तार स्वर निघेना म्हणजे मुलगा वाद्य दांतांवर दाबूं लागतो. त्यानें ओठाचा रक्तप्रवाह अडतो, ओठ थिजतो, आणि ही खोड एकदां जडली कीं सुटतां सुटत नाहीं. अशा वेळीं 'उतरव खालीं, ओठ विसावूं दे' असें सांगणारा माणूस समोर हवा. जितका वेळ वादन, तितकाच विसावा, हा नियम बरा.

समोरचे पक्के दांत आले, म्हणजे आठव्यानवव्या वर्षाच्या सुमारास, शिक्षणास आरंभ करावा. माउथपीस ज्याचा त्यानें धुऊन वापरावा. नळींत सांचलेलें श्वासाचें पाणी दररोज काढावें व दट्ट्यांस तेल द्यावें. घरच्यांनीं पहिले कांहीं महिने गाण्याची फर्माईश करूं नये. लग्नसराईंत मास्तरांस सवड नसते; चातुर्मासांत लग्नें थांबतात, तेव्हां गणेशोत्सवाचे दिवस वगळून ते मोकळे असतात. आषाढांत मुलास त्यांच्याकडे पाठवावें.

गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकविण्याची जुनी परंपरा आहे, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वाद्यवृंद पुष्कळ अंशीं गोमंतकीय वादकांनीं उभे केले. 'चिक चॉकलेट' या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकींच. तेथें वाद्य शिकविणाऱ्यास गुरूचा मान होता. आमच्या गांवोगांवच्या बँडमास्तरांस आम्ही वरातीची बिदागी देतों आणि त्यांचें नांवहि विचारीत नाहीं. त्यांची विद्या बहुधा कागदावर नसते. ती ओठांत व कानांत असते. ती घेणारा शिष्य न मिळाल्यास त्यांच्याबरोबरच जाईल. तेव्हां पुढची वरात दारावरून जाईल, त्या वेळीं कॉर्नेट वाजविणाऱ्यास थांबवून, 'मास्तर, आमच्या मुलास शिकवाल का ?' एवढें अवश्य विचारावें, ही विनंती.