झिगबीवर एक कॉल का मावत नाही?

झिगबी हे बिनतारी तंत्र ज्या आयईईई ८०२.१५.४ मानकावर चालतं, त्याचा २.४ गिगाहर्ट्झवरचा वेग सेकंदाला २५० किलोबिट आहे. टेलिफोनचा जी.७११ पद्धतीचा आवाज एका दिशेला ६४ किलोबिट घेतो, दोन्ही दिशांना १२८. निम्मी जागा उरायला हवी. प्रत्यक्षात एक कॉलही बसत नाही.

कारण वेळेच्या हिशेबात आहे. १० मिलिसेकंदांच्या आवाजाचे ८० बाइट होतात. पत्ते आणि हेडरसह ९७. ते पाठवायला ३.१०४ मिलिसेकंद लागतात. त्याआधी टक्कर टाळण्यासाठीचा थांबा सरासरी १.१२०, चॅनेलची तपासणी, रेडिओची अदलाबदल आणि पोच यांचे ०.८६४. बेरीज ५.०८८. दोन्ही दिशा एकामागून एक धरल्या तर १०.१७६, हाताशी फक्त १०. झिगबीच्या वरच्या थरांचे हेडर यात नाहीत. पॅकेट २० मिलिसेकंदांचं करावं, तर आवाजच १६० बाइट होतो आणि फ्रेमची मर्यादा १२७ आहे.

जी.७२९ पद्धत आवाज ८ किलोबिटांवर, म्हणजे एक अष्टमांशावर आणते. चॅनेलचा वापर मात्र एका दिशेला ५०.९ टक्क्यांवरून १५.८ वर येतो, म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपासच थांबतो. २० बाइटांच्या पॅकेटला लागणाऱ्या ३.१६८ मिलिसेकंदांत आवाजाचा वाटा ०.६४०, अवघा २० टक्के. कागदावर तीन कॉल बसतात. मध्ये पॅकेट पुढे धाडणारा एक नोड, म्हणजे रेडिओ, घातला की प्रत्येक पॅकेट दोनदा हवेत जातं आणि एकच कॉल उरतो.

प्रत्येक नोडला वेळ आधीच वाटून दिली, तर थांबा, तपासणी आणि पोच तिन्ही गळतात. पॅकेटला १.३७६ मिलिसेकंद पुरतात आणि त्याच चॅनेलवर कागदावर सात कॉल बसतात. अट एकच: सर्व नोडांची घड्याळं जुळलेली हवीत. पोच नसल्याने हरवलेलं पॅकेट परत येत नाही. पण एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत राहू पाहणाऱ्या संभाषणात उशिरा आलेलं पॅकेट तसंही निरुपयोगी असतं.

हा हिशेब कधी जीवावर बेततो. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातील सागो कोळसा खाणीत स्फोट झाला. अडकलेल्या १३ पैकी १२ जण दगावले. त्याच वर्षीच्या कायद्याने खाणींत तीन वर्षांत बिनतारी दुतर्फा संपर्क बंधनकारक केला. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी त्याच वर्षी याच जातीच्या रेडिओंवर, वेळ वाटून देण्याच्या पद्धतीने, प्रायोगिक कोळसा खाणीत आवाज पोहोचवला. अशी यंत्रणा निवडताना २५० किलोबिटांचा आकडा पुरेसा नाही. एका पॅकेटमागे चॅनेल किती मिलिसेकंद अडतं, हे आधी विचारायला हवं. संकटात हाक पोहोचणं त्यावरच अवलंबून आहे.