शास्त्र आणि संकटकाळ – लेखांक ४ : विलापाची स्तोत्रे

बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. देवाच्या स्तुतीचे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते; प्रत्यक्षात त्यातील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. आजारपण, खोटे आरोप, जवळच्या माणसाने केलेला दगा, लढाईतला पराभव, मरणाचे भय, असे त्यांचे विषय. बोलणारा कधी एकटा असतो (स्तोत्र ६, १३, २२), तर कधी सगळा समाज एका तोंडाने बोलतो (४४, ७४, ८०). अडचणीच्या काळात या पुस्तकाकडे वळण्याची रीत ज्यू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही परंपरांत जुनी आहे. ही स्तोत्रे समजूत घालण्याची घाई करत नाहीत. आधी माणसाला मनातले सगळे गाऱ्हाणे देवापुढे ओतू देतात, आणि दिलासा तिथूनच सुरू होतो.

गाऱ्हाणे मोकळे असले तरी विस्कळीत नसते. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडले आणि विलापस्तोत्राचा साचा दाखवून दिला : देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी, त्यानंतर भरवशाचा उच्चार आणि अखेरीस स्तुती करण्याचा नवस. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे, पण त्यात हा साचा स्वच्छ दिसतो. हे अजून किती काळ चालणार, हा प्रश्न पहिल्या दोनच वचनांत चार वेळा विचारला आहे. पहिले दोन प्रश्न थेट देवाच्या वागण्याविषयी, तिसरा स्वतःच्या मनातल्या घालमेलीविषयी आणि चौथा वरचढ झालेल्या शत्रूविषयी. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे, आणि तीही हिशेब मांडून केलेली : उत्तर दिले नाहीस तर मी मरेन आणि शत्रूला आनंद होईल. शेवटच्या दोन वचनांत एकाएकी सूर पालटतो आणि बोलणारा गाण्याची भाषा करू लागतो. विठ्ठलाशी भांडणारा तुकाराम ज्यांच्या कानावर आहे, त्या मराठी वाचकांना देवाशी असे रोखठोक बोलणे परके वाटणार नाही.

सूर पालटतो तो कशामुळे, यावर अभ्यासकांत बराच खल झाला आहे. परिस्थिती सुधारल्याचा उल्लेख तर स्तोत्रात कुठेच नाही. योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे सुचवले की, गाऱ्हाणे सांगून झाल्यावर मंदिरातला याजक देवाच्या नावाने अभयवचन देत असावा. ते वचन स्तोत्रात लिहिले गेले नाही, त्याचा परिणाम तेवढा उरला. हे अनुमानच आहे, पण त्याला जुळणारी एक गोष्ट १ शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सापडते. हन्नाला मूल नाही, सवत तिला टोचून बोलते. शिलो येथील मंदिरात ती ओठ हलवत, आवाज न काढता प्रार्थना करते, तेव्हा एली नावाचा याजक तिला दारू प्यायलेली समजतो. ती खुलासा करते. मग तो तिला शांतीने जा, देव तुझे मागणे पुरवो, असे सांगतो. तिने काय मागितले हे त्याला ठाऊकही नसते. तरी ती उठते, जेवते आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा उदास राहत नाही. शमुवेलचा जन्म नंतरचा. मूल पदरात पडण्याआधीच तिला अन्न गोड लागले, ही या कथेतली सर्वांत लक्षात घेण्याजोगी बाब.

या स्तोत्रांतले शत्रू कोण, दुखणे कोणते, हे बहुधा सांगितलेले नसते. काही स्तोत्रांच्या मथळ्यांत दावीदाच्या आयुष्यातले प्रसंग जोडलेले आहेत, पण मूळ मजकूर मोघमच राहतो. त्यामुळेच शतकांनंतरचा, दुसऱ्या देशातला माणूस त्यात आपले दुःख घालू शकतो. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांनुसार वधस्तंभावरचा येशूही स्तोत्र २२ च्या आरंभीचेच शब्द उच्चारतो. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९४० मध्ये स्तोत्रसंहितेवर छोटे पुस्तक लिहिले. १९४३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना बर्लिनच्या टेगल तुरुंगात टाकले, तेव्हाही त्यांचे स्तोत्रांचे रोजचे वाचन चालूच होते.

प्रत्येक विलाप भरवशापर्यंत पोहोचतोच असे नाही. स्तोत्र ८८ अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. आप्तस्नेही दूर गेलेले, आणि देवाकडून काही उत्तर नाही. तरीही संकलकांनी ते वगळले नाही, शेवटी एखादी आशेची ओळ जोडलीही नाही. ज्याला भरवशाचे शब्द उच्चारणे आज जमत नाही, त्याच्यासाठी हेच स्तोत्र उपयोगी पडते. स्तोत्र १३७ याहून अवघड. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, लोकांना बाबेलला नेण्यात आले. त्या हद्दपारीतला हा आक्रोश शेवटी सूडाच्या भयंकर इच्छेवर येतो. रोमन कॅथलिक चर्चच्या १९७० च्या दशकातील सुधारित प्रार्थनाक्रमातून त्याची शेवटची वचने वगळली गेली, आणि ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे तर पूर्णच गाळली गेली. सामुदायिक प्रार्थनेपुरता हा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र अन्याय झालेल्याचा राग कृतीत न उतरता देवासमोर बोलला जावा, अशी जी सोय मूळ संग्रहात होती, ती अशाने आखडते.

वाचनाच्या रूढ पद्धती दोन. एक क्रमाने जाणारी : सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार मठवासी आठवड्याभरात दीडशेही स्तोत्रे म्हणत, तर अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने ती तीस दिवसांत वाटून दिली. ज्यू समाजातही आठवड्याची आणि महिन्याची अशी वाटणी आहे, शिवाय आजाऱ्यासाठी स्तोत्रे म्हणण्याचा प्रघात आहे. दुसरी पद्धत प्रसंगानुसार निवडीची. नव्या कराराच्या खिशात मावणाऱ्या काही प्रतींना स्तोत्रसंहिता जोडलेली असते आणि भीती, एकटेपणा, शोक अशा वेळी काय वाचावे याची यादी दिलेली असते. यादी सोयीची खरी, पण तीत बहुधा भरवशाची वचनेच निवडली जातात; त्यांच्या आधीचे गाऱ्हाणे मागे राहते आणि स्तोत्र १३ ची सहा वचने दोनच उरतात. क्रमाने वाचणाऱ्याला मात्र सुखाच्या दिवसांतही विलाप म्हणावा लागतो आणि दुःखाच्या दिवशी स्तुती. कोणते स्तोत्र आज पुढ्यात येणार, हे त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते.

पुढील लेखांकात ईयोबाचा ग्रंथ.