हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट: कुठे वापरायचा, कुठे नाही?

आजचा भाग फॉन्टवर. मी दिवसभर कोड लिहितो, पण स्क्रीनवरची अक्षरं हा माझा आवडता विषय.

आधी १९९४ ची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या 'बॉब' या प्रोग्राममध्ये एक कार्टून कुत्रा होता. त्याच्या बोलण्याच्या फुग्यात टाइम्स न्यू रोमन, म्हणजे पेपरात शोभेल असा फॉन्ट! डिझायनर व्हिन्सेंट कॉनेअरला ते खटकलं. त्याने कॉमिक्समधल्या हाताने लिहिलेल्या अक्षरांवरून 'कॉमिक सान्स' तयार केला. त्याचा प्रश्न साधा होता: हे वाक्य कोण बोलतंय?

आपल्यासाठी तसाच एक फॉन्ट आहे, 'कलम'. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये आणला. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या, लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन जाड्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे धंद्यासाठीही चालतो. अक्षरं जरा तिरकी, पेनाने भरभर लिहिल्यासारखी.

मग वापरायचा कुठे? जिथे एक माणूस दुसऱ्याशी थोडक्यात बोलतोय तिथे. पॉडकास्टचं कव्हर, रीलवरची एक ओळ, बारशाचं आमंत्रण, घरगुती लोणच्याच्या बरणीचं लेबल. पानभर मजकुराला मात्र नको. खऱ्या हस्ताक्षरात दोन 'र' कधीच अगदी एकसारखे येत नाहीत, फॉन्टमध्ये बहुतेक वेळा येतात. चार ओळींनंतर ते सोंग उघडं पडतं आणि डोळेही थकतात.

आणि जिथे चुकीचं वाचलं तर कुणाचं नुकसान होईल, तिथे तर अजिबात नको. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंद राहण्याची सूचना अशाच एका वळणदार फॉन्टमध्ये आली होती. त्यातला १ शेजारच्या काकूंना ९ वाटला. एक वाजता पाणी गेलं, आणि काकूंच्या बादल्या रिकाम्याच. औषधाची वेळ, पैशांचा आकडा, ओटीपी, हे सगळं साध्या सरळ फॉन्टमध्येच द्या.

आता वापरताना सांभाळायच्या तीन गोष्टी:

१. दोन अक्षरांमधली जागा वाढवू नका. इंग्रजीत ते खपतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते.

२. ओळींमध्ये भरपूर जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

३. लाइट जाडी फक्त मोठ्या अक्षरांसाठी ठेवा. लहान आकारात, भर उन्हात मोबाइलवर ती दिसतच नाही.

शेवटी एक सोपी चाचणी. डिझाइन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या, चष्म्यासकट. न अडखळता वाचलं, तर बिनधास्त पोस्ट करा. भेटू पुढच्या भागात!