चाकरीच्या कमाईवर उभे राहिलेले चित्रपट

कला आणि चरितार्थ यांचे भांडण फार जुने आहे. पोटासाठी दुसऱ्याचे काम पत्करले की कलावंत संपला, असे एक पक्ष मानतो. पोटाची सोय झाल्यावाचून कला संभवतच नाही, असे दुसरा पक्ष सांगतो. अमेरिकन नट आणि दिग्दर्शक जॉन कॅसावेटिस याने या वादात कोणत्याच पक्षाची बाजू घेतली नाही. त्याने सुमारे तीस वर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांत कामे केली, खलपुरुष, गुन्हेगार आणि स्वार्थी नवरे रंगविले, आणि त्या चाकरीचा पैसा हॉलिवूडला नको असलेल्या चित्रपटांत घातला. ३ फेब्रुवारी १९८९ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या नावावर १२ चित्रपटांचे दिग्दर्शन होते. त्यांतील निम्मे तरी असे आहेत की, त्यांना वगळून आधुनिक अमेरिकन चित्रपटाचा इतिहास लिहिता येणार नाही. मात्र हे स्वातंत्र्य केवढ्याला पडले आणि त्याची किंमत कोणी कोणी भरली, हा हिशेबही त्या इतिहासाचाच एक भाग आहे.

श्रोत्यांच्या वर्गणीतून

कॅसावेटिसचा जन्म ९ डिसेंबर १९२९ रोजी न्यू यॉर्क येथे एका ग्रीक कुटुंबात झाला. 'अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स' या संस्थेतून नाट्यशिक्षण घेऊन तो बाहेर पडला, तो काळ दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांचा होता. या नाटकांना तरुण नट हवे असत. कॅसावेटिसच्या चेहऱ्यावर एक धुमसती अस्वस्थता होती. सरळमार्गी नायकाच्या साच्यात ती बसणारी नव्हती, पण बिघडलेल्या तरुणांच्या भूमिकांना ती नेमकी मानवली. १९५६ च्या 'क्राइम इन द स्ट्रीट्स'मध्ये त्याने असाच तरुण उभा केला, आणि १९५७ मध्ये मार्टिन रिट याच्या 'एज ऑफ द सिटी'त सिडनी पॉइटिये याच्या जोडीने काम करून नाव मिळविले. एवढ्यावर त्याला सुखाने जगता आले असते.

त्याच सुमारास त्याने न्यू यॉर्कमध्ये नटांसाठी एक अभिनयवर्ग चालविला होता. त्या वर्गात सुचलेल्या एका प्रसंगावरून चित्रपट करण्याची कल्पना त्याच्या मनात आली. १९५७ मध्ये जीन शेपर्ड याच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात बोलताना त्याने श्रोत्यांना आवाहन केले की, सामान्य माणसांविषयीचा चित्रपट पाहावयाचा असेल तर त्यांनी स्वतःच त्यासाठी पैसे पाठवावेत. श्रोत्यांनी लहानमोठ्या रकमा पाठविल्या आणि सुमारे दोन हजार डॉलर जमले. त्यातून सुरू झालेला 'शॅडोज' अखेर चाळीस हजार डॉलरांच्या आसपास गेला. न्यू यॉर्कमधील तीन कृष्णवर्णीय भावंडांची ही कथा आहे. त्यांपैकी दोघांचा वर्ण इतका उजळ की ती गोरी म्हणून खपून जावीत. बहिणीच्या प्रेमात पडलेल्या गोऱ्या तरुणाला तिच्या थोरल्या भावाचा काळा चेहरा दिसतो, तेव्हा त्याच्या उदार मनाचा पापुद्रा क्षणात गळून पडतो. अमेरिकेच्या वर्णभेदावर इतक्या हलक्या हाताने आणि इतक्या अचूकपणे बोट ठेवणारे चित्रपट त्या काळी विरळाच होते.

१९५८ मध्ये पहिली आवृत्ती दाखविल्यावर कॅसावेटिस स्वतःच असमाधानी राहिला. कॅमेऱ्याच्या करामती अधिक आणि माणसे कमी, असे त्याला वाटले. बराच भाग पुन्हा चित्रित करून त्याने १९५९ मध्ये दुसरी आवृत्ती पुढे आणली. पहिल्या आवृत्तीची मुक्तकंठाने स्तुती करणारा जोनास मेकास दुसऱ्या आवृत्तीवर रुष्ट झाला. दिग्दर्शक व्यापाराला शरण गेला, असा त्याचा आक्षेप होता. कॅसावेटिस हा हॉलिवूडच्या लेखी बंडखोर आणि बंडखोरांच्या लेखी फितूर ठरला, त्याची ही सुरुवात होय.

या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येणाऱ्या एका पाटीने त्याचे आणखी नुकसान केले. हा चित्रपट उत्स्फूर्त अभिनयातून घडला आहे, असे ती पाटी सांगते. त्यामुळे कॅसावेटिसच्या चित्रपटांना संहिताच नसते, हा समज जो रूढ झाला तो पुरता कधी गेलाच नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. पुढच्या बहुतेक चित्रपटांच्या संहिता त्याने स्वतः लिहिल्या. काय बोलावयाचे हे प्रायः ठरलेले असे. कसे बोलावयाचे, कोठे उभे राहावयाचे, केव्हा थांबावयाचे हे नटावर सोपविलेले असे. नटांचे खुणेच्या जागी उभे राहणे कॅमेऱ्याच्या सोयीचे असते. त्याच्याकडे कॅमेऱ्यालाच नटांच्या मागे धावावे लागे. स्वतः नट असल्याखेरीज हा उलटा क्रम सुचणे कठीण होते.

हॉलिवूडचा धडा

'शॅडोज'च्या यशामुळे हॉलिवूडने त्याला बोलावले. तेथे त्याने दोन चित्रपट केले. त्यांतील दुसरा, १९६३ चा 'अ चाइल्ड इज वेटिंग', मतिमंद मुलांच्या शाळेविषयी होता. बर्ट लँकेस्टर आणि ज्यूडी गार्लंड त्यात प्रमुख भूमिकांत होते. निर्माता स्टॅन्ली क्रेमर आणि कॅसावेटिस यांच्यात संकलनाच्या वेळी तीव्र मतभेद झाले. मुलांची जागा अशा संस्थांतच आहे, असा क्रेमरच्या चित्रपटाचा सूर होता. शहाण्या म्हणविणाऱ्या प्रौढांपेक्षा ही मुले आपल्या परीने अधिक चांगली आहेत, असे कॅसावेटिसला सांगावयाचे होते. अखेर संकलन त्याच्या हातून काढून घेण्यात आले. त्याने तो चित्रपट आपला मानला नाही. ज्याच्या हाती पैसा आणि कात्री, त्याच्याच मताचा चित्रपट होतो, हा धडा त्याला मिळाला. पुढची वीस वर्षे तो जे करीत राहिला ते या एका धड्याचे उत्तर आहे.

वेळ हेच भांडवल

१९६५ मध्ये त्याने 'फेसेस'चे चित्रण सुरू केले. कर्ज काढून सोळा मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म घेतली. चित्रण मुख्यतः स्वतःच्या आणि सासूच्या घरात झाले. नट बहुतेक मित्र होते, आणि त्यांना मजुरी पुढे कधीतरी मिळावयाची होती. मध्यमवयीन जोडप्यातील पत्नीची भूमिका करणारी लिन कार्लिन ही व्यवसायाने सचिव होती. चित्रण सहा महिने चालले आणि संकलन जवळजवळ तीन वर्षे.

येथे त्याच्या शैलीचे मर्म सापडते. हॉलिवूडमध्ये प्रत्येक दिवसाला भाडे आणि पगार पडतात. म्हणून प्रसंग वेळेत उरकावा लागतो, आणि उरकलेला प्रसंग आखीव होतो. कॅसावेटिसजवळ पैसा नव्हता, पण घर स्वतःचे असल्यामुळे वेळ होता. त्याच्या चित्रपटांतील मेजवान्या, भांडणे, हास्यविनोद प्रेक्षकाला नकोसे होईपर्यंत लांबतात, ते या कारणाने. माणसे हसत राहतात, हसणे थकते, मुखवटा सैल होतो आणि मग एखाद्या क्षणी खरा चेहरा दिसतो. चित्रपटाचे नाव 'फेसेस', म्हणजे 'चेहरे', असावे हे उचितच होते.

या तीन वर्षांचा खर्च भागला तो कॅसावेटिसच्या अभिनयावर. १९६७ च्या 'द डर्टी डझन' या युद्धपटात त्याने फ्रँको नावाचा उर्मट, शिस्त न मानणारा कैदी सैनिक रंगविला, आणि त्यासाठी सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. १९६८ मध्ये रोमन पोलान्स्की याच्या 'रोझमेरीज बेबी'त तो नायिकेचा नवरा झाला. योगायोग असा की, ही भूमिका एका नटाचीच आहे; चांगल्या भूमिका मिळाव्यात म्हणून सैतानाच्या उपासकांशी सौदा करून आपल्या पत्नीलाच त्यांच्या हवाली करणाऱ्या नटाची. यश विकत घेणाऱ्या नटाचे सोंग वठवून मिळालेले पैसे त्याने यशाची कोणतीही हमी नसलेल्या चित्रपटात घातले. त्याच वर्षी 'फेसेस' प्रदर्शित झाला. जॉन मार्ली याला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, आणि ऑस्करसाठी तीन नामांकने लाभली: सेमूर कॅसल, लिन कार्लिन आणि संहितालेखक म्हणून स्वतः कॅसावेटिस.

मेबलची गोष्ट

त्याच्या कर्तृत्वाचे शिखर म्हणजे १९७४ चा 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'. त्याची पत्नी जीना रोलंड्स हिने आजच्या स्त्रीच्या अडचणींविषयी नाटक लिहावे असे त्याला सुचविले होते. लिहून झाल्यावर ध्यानात आले की, ही भूमिका रोज रात्री रंगभूमीवर करणे कोणत्याही नटीला झेपणार नाही. म्हणून चित्रपट झाला. वेड्या झालेल्या बाईविषयीच्या चित्रपटाला भांडवल देण्यास कोणी तयार नव्हते. कॅसावेटिसने घर गहाण ठेवले. नायकाची भूमिका करणारा मित्र पीटर फॉक याने पाच लाख डॉलर घातले.

मेबल ही एका कामगाराची पत्नी, तीन मुलांची आई. ती सर्वांवर प्रेम करते, पण ते कसे दाखवावे याचे माप तिला कळत नाही. रात्रपाळी संपवून नवरा निक आपल्या सोबत्यांना सकाळी घरी आणतो, ती सर्वांना शेवया करून वाढते. हसत, गात चाललेले हे जेवण तिच्या एका अनावर आपुलकीच्या कृतीने अवघडते आणि निक सर्वांदेखत तिच्यावर ओरडतो. वेडी कोण, ती की तिला शहाणपणाने वागावयास लावणारे घर, हा प्रश्न चित्रपट विचारतो. उत्तर मात्र देत नाही. निक दुष्ट नाही. त्याचेही प्रेम आहे आणि त्याचीही समज अपुरी आहे. सहा महिने रुग्णालयात काढून मेबल परतते, पुन्हा कोसळते, आणि शेवटी ती दोघे घर आवरून अंथरूण घालू लागतात. समेट झाला असे म्हणवत नाही, संसार मोडला असेही म्हणवत नाही.

पूर्ण झालेला चित्रपट घेण्यास वितरक मिळाला नाही. तेव्हा कॅसावेटिस आणि त्याचे सोबती यांनी स्वतःच चित्रपटगृहांना दूरध्वनी करून तो लावून घेतला. प्रेक्षक आले, पैसा परत मिळाला. दिग्दर्शनासाठी कॅसावेटिसचे आणि अभिनयासाठी रोलंड्सचे ऑस्करसाठी नामांकन झाले.

जमा आणि खर्च

परंतु ही विजयाची सरळ कहाणी नव्हे. १९७६ चा 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' साफ कोसळला. १९७८ मध्ये त्याची आखूड आवृत्ती काढूनही उपयोग झाला नाही. बेन गाझारा याने रंगविलेला त्याचा नायक एका हलक्या रात्र-क्लबाचा मालक आहे. आपला खेळ चालू राहावा म्हणून तो गुंडांच्या कर्जात फसतो आणि जखमी अवस्थेतही रंगमंचावर येऊन प्रेक्षकांचे स्वागत करतो. हे पात्र दिग्दर्शकाचेच चित्र आहे, असे अनेकांना वाटले, ते उगाच नव्हे. १९७७ चा 'ओपनिंग नाइट' अमेरिकेत जवळजवळ कोणी पाहिला नाही, जरी बर्लिनमध्ये त्यासाठी रोलंड्सला अभिनयाचे पारितोषिक मिळाले. १९८० चा 'ग्लोरिया' कोलंबिया कंपनीसाठी केलेला, तुलनेने सरळ गुन्हेगारीपट. त्याला व्हेनिसचा 'सुवर्णसिंह' लुई माल याच्या 'अटलांटिक सिटी'सह विभागून मिळाला. १९८४ च्या 'लव्ह स्ट्रीम्स'ला बर्लिनचे 'सुवर्ण अस्वल' लाभले, तोवर यकृताच्या विकाराने त्याचे शरीर पोखरले होते.

त्याच्यावरील आक्षेपही नोंदविले पाहिजेत. पॉलिन केल यांच्यासारख्या मातबर समीक्षकांना त्याचे चित्रपट पसरट वाटले, आणि हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. वेळ फुकट असला की तो उधळलाही जातो; काही प्रसंगांत मुखवटा सैल होण्याऐवजी केवळ आरडाओरड होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे स्वातंत्र्य एकट्याच्या त्यागाचे नव्हते. मित्रांनी मजुरीवाचून महिनेच्या महिने दिले. गहाण पडलेल्या घरात पत्नी आणि तीन मुले राहत होती, आणि त्याच घराच्या खोल्यांत चित्रण चाले. कुटुंबाने हे ओझे आनंदाने वाहिले असे दिसते. तिन्ही मुले पुढे चित्रपट दिग्दर्शित करू लागली, आणि २०२४ मध्ये निधन पावलेल्या रोलंड्सला २०१५ साली सन्माननीय ऑस्कर देण्यात आले तेव्हा या चित्रपटांचेच स्मरण प्रथम झाले. तरीही, स्वतंत्र कलावंत एकटाच झुंजतो ही प्रतिमा येथे टिकत नाही.

आज अमेरिकेत स्वतंत्र चित्रपटांना त्याच्या नावाचे पारितोषिक दिले जाते, आणि ते ठरावीक मर्यादेच्या आत खर्च झालेल्या चित्रपटालाच मिळते. मार्टिन स्कोर्सेसीला त्याने तरुणपणी फटकारले होते की, दुसऱ्याच्या कल्पनेवर वर्ष घालविण्यापेक्षा स्वतःचे काही कर. त्यानंतर स्कोर्सेसीने 'मीन स्ट्रीट्स' केला. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट मात्र साधी आहे. कॅसावेटिसने चाकरीला तुच्छ लेखले नाही. फ्रँकोची भूमिका त्याने पाट्या टाकून केली असती तर नामांकन झाले नसते. पण चाकरीने दिलेला पैसा, उसंत आणि नाव यांचे काय करावयाचे हा निर्णय त्याने मालकाच्या हाती दिला नाही. पगार घेणे म्हणजे स्वतःला विकणे नव्हे. पगाराबरोबर आपली उरलेली वेळही विकून टाकली, तरच विक्री पूर्ण होते. ती उरलेली वेळ त्याने तीस वर्षे जपली, आणि त्याच्या चित्रपटांत दिसतात ते चेहरे त्या वेळेतून आलेले आहेत.