कार्डाची मर्यादा वाढवून मागताना

नवे क्रेडिट कार्ड हाती येताच आमच्या अनेक व्यापारी व कारागीर बंधूंना त्याची मर्यादा अपुरी वाटते. घाई करू नये, असे आम्ही सुचवतो. आधी सहा महिने पूर्ण बिल मुदतीत भरावे, मग आयकर विवरणपत्र जोडून अर्ज करावा.

५० हजारांच्या मर्यादेत दरमहा ४५ हजारांचा माल घेतल्यास बाजारातील पत घसरू शकते. मर्यादा १ लाख झाल्यास तोच खर्च बेताचा दिसतो. फायदा एवढाच. मर्यादा म्हणजे भांडवल नव्हे. नुसती किमान रक्कम भरली, तर नव्या खरेदीवरही व्याज चढते.

बँकेने आपणहून मर्यादा वाढवू केली, तरी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार आपली स्पष्ट संमती लागते. गरज नसेल, तर ती देऊ नये.