भोपाळची न काढलेली विमा पॉलिसी : विमागणिताच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी एक उदाहरण

प्रस्तावना

गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे काय करणार असे विचारले, तर बी.एड., बँकेच्या परीक्षा किंवा संगणक ही तीनच उत्तरे सहसा मिळतात. विमागणितशास्त्राचे (ॲक्चुअरिअल सायन्स) नाव फारच थोडे घेतात. या विषयात नेमके काय शिकवतात, हे आपल्यापैकी अनेक शिक्षकांनाही नीट ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात भोपाळच्या एका प्रकरणाच्या आधारे या विषयाचे स्वरूप समजावून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

न्यायालयाचा आदेश

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या भोपाळ येथील कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती ठरविताना मृतांची संख्या सुमारे ३,००० गृहीत धरली होती. पुढे पाच हजारांहून अधिक मृत्यूंसाठी व साडेपाच लाखांच्या आसपास व्यक्तींना भरपाई द्यावी लागली. अंदाज किती चुकू शकतो, याचे हे पहिले उदाहरण.

या तडजोडीच्या फेरविचाराचा निकाल ३ ऑक्टोबर १९९१ रोजी लागला. वायूच्या संपर्कात आलेल्या, पण त्या वेळी लक्षणे न दिसलेल्या व्यक्तींचे पुढे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. बाधितांच्या पोटी नंतर जन्मणाऱ्या मुलांचाही त्यात विचार होता. न्यायालयाने असा आदेश दिला की, अशा किमान एक लाख लोकांसाठी केंद्र सरकारने सामूहिक वैद्यकीय विमा काढावा. विमा जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन किंवा आयुर्विमा महामंडळाकडून घ्यावा, मुदत आठ वर्षांची असावी, व्यक्तीमागे रकमेची कमाल मर्यादा नसावी आणि हप्ता तडजोडीच्या निधीतून भरावा.

१४ मार्च २०२३ रोजी घटनापीठाने वाढीव भरपाईसाठीची सरकारची याचिका फेटाळली. त्या निकालात, अशी पॉलिसी कधी काढलीच गेली नाही याची नोंद असून, हा सरकारचा गंभीर निष्काळजीपणा असल्याचे म्हटले आहे.

हप्ता कसा ठरला असता?

या आदेशात विमागणितीच्या कामाला लागणारे बहुतेक घटक आले आहेत : किती माणसे, किती काळ, कोणता धोका, किती रकमेपर्यंत. उरतो तो प्रश्न हप्त्याचा. येथून पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे.

समजा, वर्षभरात लक्षणे दिसू लागण्याची संभाव्यता शेकडा १ आहे. एक लाख लोकांत वर्षाला सरासरी १,००० दावे येतील. द्विपद वितरणानुसार प्रमाण विचलन सुमारे ३१ येते. म्हणजे बहुतेक वर्षी दावे ९४० ते १,०६० च्या दरम्यान राहतील. एकेका माणसाचे भवितव्य सांगता येत नाही, पण लाखाच्या समूहाचे बऱ्याच अंशी सांगता येते. विम्याचा सारा व्यवहार या महासंख्यांच्या नियमावर उभा आहे.

या गणितात दोन गृहीतके दडलेली आहेत. एक, संभाव्यता आपल्याला ठाऊक आहे. दोन, एकाचे आजारपण दुसऱ्याच्या आजारपणावर अवलंबून नाही. भोपाळमध्ये दोन्ही डळमळतात. सर्वांनी एकाच रात्री एकच वायू श्वासावाटे घेतला होता. त्याचे दूरगामी परिणाम वैद्यकशास्त्राला नवे होते. खरी संभाव्यता शेकडा १ आहे की ३, हेच माहीत नसेल, तर दावे १,००० ही असतील आणि ३,००० ही. समूह एक लाखाचा केला काय किंवा दहा लाखांचा केला काय, ही अनिश्चितता कमी होत नाही. विमागणितात योगायोगाची जोखीम आणि अंदाजाची जोखीम वेगळी मानतात, ती यासाठी. पदव्युत्तर अभ्यासाचा मोठा भाग या दुसऱ्या जोखमीशीच संबंधित असतो.

बाकीच्या अटींचाही परिणाम होतो. कमाल मर्यादा नसल्यामुळे थोडेच, पण फार खर्चिक दावे संपूर्ण निधीवर भारी पडू शकतात. त्यासाठी पुनर्विम्याचा विचार करावा लागतो. आठ वर्षांच्या मुदतीमुळे व्याजाचा हिशेब येतो : दरसाल ८ टक्के दराने आठ वर्षांनंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य सुमारे ५४ पैसे होते. शिवाय आठ वर्षांनंतर उद्भवणारा आजार विम्याबाहेर राहतो.

आणि या सर्वांच्या मुळाशी असते ती नोंद. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ पासून भोपाळमध्ये केलेले दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबले. ज्या आकड्यांवर हप्ता ठरायचा, ते आकडे गोळा करणेच थांबले तर विमागणिती अंधारात चाचपडणार.

याच दुर्घटनेनंतर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला आणि घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांना विमा सक्तीचा झाला. मूळ कायद्यात मृत्यूसाठी तातडीची मदत २५,००० रुपये होती. ही रक्कम कशाच्या आधारे ठरावी, हाही विमागणिताचाच प्रश्न आहे.

अभ्यासाचा मार्ग

भारतात ॲक्चुअरिअल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९४४ पासून कार्यरत होती. २००६ च्या कायद्याने तिच्या जागी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया आली. बारावीनंतर तिची प्रवेश परीक्षा देता येते. तीत गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचे आकलन, तर्क व इंग्रजी हे विषय असतात. पुढे संभाव्यता व संख्याशास्त्र, विमागणित, वित्त व अर्थशास्त्र, आणि शेवटी विशेष विषय असे टप्पे आहेत. एम.एस्सी. केल्याने पाया पक्का होतो, पण व्यावसायिक मान्यता या परीक्षांमधूनच मिळते, हे विद्यार्थ्यांना प्रारंभीच स्पष्ट सांगावे. पुण्यातील राष्ट्रीय विमा अकादमीत विमा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. परीक्षांना अनेक वर्षे लागतात. मात्र नोकरी करीत त्या देता येतात, ही गरीब घरच्या मुलामुलींच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

एक शंका

विमा शरीअतला मान्य नाही, मग हे शिक्षण कशाला, असे काही पालक विचारतात. शंका प्रामाणिक आहे, ती टाळू नये. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विम्यात मोठा गरर, म्हणजे अनिश्चिततेचा दोष असल्याचे सांगून सहकारी विम्याचा पर्याय सुचविला. त्याआधी १९७९ मध्ये सुदानमध्ये तकाफुल कंपनी निघाली होती व १९८४ मध्ये मलेशियाने तकाफुलचा कायदा केला होता. तकाफुलमध्ये सभासद देणगी म्हणून निधीत रक्कम टाकतात. पण ती किती असावी आणि निधी पुरेल का, हा हिशेब तेथेही सुटत नाही. भेद कराराच्या स्वरूपात व पैशाच्या गुंतवणुकीत आहे. संभाव्यतेचे गणित तेच. तकाफुललाही विमागणिती लागतोच.

समारोप

पदवीच्या वर्गात द्विपद वितरण शिकविताना नाण्याच्या व फाशांच्या उदाहरणांसोबत भोपाळचा हा आदेशही घ्यावा. विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येकाने आपली गृहीतके लिहावीत, हप्ता काढावा आणि गटागटांत फरक का पडला ते सांगावे. एका तासिकेत हा विषय काय आहे ते त्यांना कळेल. आणि दुसरी गोष्टही कळेल : भोपाळच्या त्या एक लाख लोकांसाठी न्यायालयाचा आदेश होता, निधी होता, तरी पॉलिसी निघाली नाही. हिशेब मांडणारी आणि त्या हिशेबाचा जाब विचारू शकणारी माणसे समाजात असावी लागतात. ती आपल्याच वर्गांतून तयार व्हावीत, एवढीच अपेक्षा.