चित्रफितींचे रूपांतर : दोषांची कारणे आणि त्यांचे निवारण

गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबे, मंडळे आणि विहारे आपल्या संग्रहातील जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून घेत आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली जपानमध्ये आली. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली सुरू झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत लग्नसमारंभांपासून व्याख्यानांपर्यंत असंख्य प्रसंग या फितींवर नोंदले गेले. त्यांतील पुष्कळ वक्ते आज हयात नाहीत. कित्येकांचे विचार कोठे छापलेही गेले नाहीत. त्यांचा चेहरा आणि आवाज त्या एका फितीवरच उरला आहे. म्हणून रूपांतर करताना काय बिघडते आणि का बिघडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

काही काळापूर्वी आमच्याकडे एक फाइल तपासणीसाठी आली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षातील, म्हणजे १९९०-९१ मधील, एका सभेचे चित्रण तिच्यात होते. माणसे आडवी पसरलेली दिसत होती. वक्त्याचा हात हलला की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा उमटत होत्या. सभेच्या अखेरीस ओठांची हालचाल आणि शब्द यांत सुमारे दोन सेकंदांचे अंतर पडले होते. संबंधितांनी हे दोष घालवण्यासाठी ती फाइल तीन निरनिराळ्या प्रोग्राममधून पुन्हा पुन्हा रूपांतरित केली होती, आणि प्रत्येक वेळी चित्र अधिकच पुसट झाले होते. मूळ कॅसेटविषयी आम्ही विचारणा केली तेव्हा, काम झाले म्हणून ती टाकून दिली, असे उत्तर मिळाले.

या तीन दोषांपैकी दोन आम्हांस दूर करता आले; तिसरा करता आला नाही. असे का झाले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमच्या अनुभवानुसार रूपांतरातील सर्व दोष तीन वर्गांत मोडतात : वेष्टनातील दोष, वाचनातील दोष आणि आशयाची हानी. पहिल्या दोन वर्गांतील दोष सुधारता येतात. तिसऱ्या वर्गातील दोषावर मूळ फितीकडे परत जाण्यावाचून उपाय नाही. म्हणून दोष दिसताच घाईने पुन्हा रूपांतर करण्यापूर्वी तो कोणत्या वर्गातील आहे हे ठरवले पाहिजे.

वेष्टनातील दोष

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे ऐकून ते चित्राचे प्रकार आहेत असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ती वेष्टनांची नावे आहेत. आत चित्राचा एक प्रवाह आणि आवाजाचा दुसरा प्रवाह असतो. हे प्रवाह ज्या पद्धतीने संक्षिप्त केले जातात तिला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे कोडेक २००३ साली प्रमाणित झाले, एचईव्हीसी २०१३ साली आणि एव्ही१ २०१८ साली. एकाच एमपी४ वेष्टनात यांपैकी कोणतेही असू शकते. त्यामुळे आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, अशी तक्रार येते तेव्हा फाइल बहुधा बिघडलेली नसते. तो टीव्ही किंवा फोन आतील कोडेक जाणत नसतो. मीडियाइन्फो किंवा व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडून आत काय आहे ते प्रथम पाहावे.

कोडेक योग्य आहे, केवळ वेष्टन अडचणीचे आहे, असे आढळले तर चित्र पुन्हा संक्षिप्त करण्याचे कारण नाही. एफएफएमपेग या प्रोग्रामद्वारे आतील प्रवाह आहेत तसे उचलून दुसऱ्या वेष्टनात ठेवता येतात. त्यास बहुधा काही सेकंद पुरतात आणि चित्राची किंचितही हानी होत नाही. वेळ फार लागत असेल, तर आपण वेष्टन बदलत नसून चित्रच पुन्हा घडवत आहोत हे ओळखावे.

याच वर्गातील आणखी दोन अडचणी वारंवार येतात. एमपी४ फाइलमध्ये कोणती चौकट कोठे आहे हे सांगणारी एक अनुक्रमणिका असते. चित्रण चालू असताना ती सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली वा कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तर चित्र साठवलेले असूनही फाइल उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच मांडणीत घेतलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून दिल्यास अशी अनुक्रमणिका पुष्कळदा पुन्हा रचता येते; तेव्हा ती फाइल पुसून टाकू नये. दुसरी अडचण पेन ड्राइव्हची. फॅट३२ पद्धतीने सिद्ध केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग त्यावर कितीही जागा मोकळी असो. उपाय एवढाच, की त्यावरील मजकूर अन्यत्र ठेवून तो एक्सफॅट पद्धतीने पुन्हा सिद्ध करावा.

वाचनातील दोष

या वर्गात आशय शाबूत असतो; परंतु तो कसा वाचावा याची सूचना चुकीची असते. आमच्याकडे आलेल्या फाइलमधील पसरलेली माणसे हे त्याचे उत्तम उदाहरण होय. भारतात प्रचलित असलेल्या पॅल पद्धतीचे चित्र संगणकात ७२० बाय ५७६ बिंदूंचे येते आणि ते ४:३ या प्रमाणात दाखवावयाचे असते. चौरस बिंदूंच्या पडद्यावर त्याची योग्य रुंदी ७६८ बिंदू होते. ते १६:९ समजून दाखवले की माणसे आडवी पसरतात. फाइलमधील प्रमाणाची सूचना दुरुस्त केली की चेहरे पूर्ववत होतात. रुंद पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नये. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

रंगांचेही असेच आहे. जुन्या प्रमाणाच्या चित्राचे रंग एका सूत्राने आणि एचडी चित्राचे दुसऱ्या सूत्राने वाचले जातात. सूचना चुकली तर चेहऱ्यांच्या व वस्त्रांच्या छटा बदलतात. तसेच आठ बिटांच्या व्हिडिओत काळा रंग १६ या अंकावर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणकाच्या चित्रात मात्र ० ते २५५ ही संपूर्ण मर्यादा वापरतात. या दोहोंची गल्लत झाल्यास काळा रंग राखाडी दिसतो किंवा अंधारातील तपशील नाहीसा भासतो.

आवाज आणि चित्र यांची फारकत झाल्यास प्रारंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी अंतर मोजावे. तिन्ही ठिकाणी ते सारखेच असेल तर आवाज तेवढाच मागेपुढे सरकवला की काम होते. अंतर समप्रमाणात वाढत जात असेल, तर चित्र घेणारे उपकरण आणि आवाज घेणारे उपकरण यांची घड्याळे जुळत नव्हती असे समजावे. आवाजाची लांबी त्या प्रमाणात बदलल्यास दोष जातो. आमच्या फाइलमध्ये हेच घडले होते. परंतु अंतर मध्येच एकदम उडी मारीत असेल, तर फीत उतरवताना चौकटी गळल्या आहेत. २५ चौकटींचा एक सेकंद, म्हणजे एका तासात ९०,००० चौकटी. त्यांतील केवळ ५० गळाल्या आणि त्यांची जागा रिकामी सोडली गेली नाही, तर चित्र दोन सेकंद पुढे धावते. येथे ठिगळ लावण्यापेक्षा फीत पुन्हा उतरवणेच श्रेयस्कर. व्हीसीआरच्या कंप पावणाऱ्या संकेताला स्थैर्य देणारे टाइम बेस करेक्टर हे उपकरण मध्ये असल्यास अशी गळती बरीच टळते.

मराठी उपशीर्षके जोडताना चौकोन वा अगम्य चिन्हे उमटली, तर मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात साठवलेला आहे काय ते पाहावे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर त्या फाँटवाचून वाचता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. जोडाक्षरे तुटत असतील तर दोष मजकुराचा नसून ती दाखवणाऱ्या प्रोग्रामचा असतो.

आशयाची हानी

आता तिसऱ्या, सर्वांत गंभीर वर्गाकडे वळू. पॅल पद्धतीत एका सेकंदात २५ चौकटी असतात. पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. पहिल्या अर्ध्यात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या ओळी. ही दोन अर्धी चित्रे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. जुना टीव्ही ती क्रमाने दाखवीत असे. संगणकाचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, आणि तेवढ्या अवधीत हललेल्या हाताच्या कडेला फणीचे दात उमटतात.

दोन्ही अर्धी चित्रे फाइलमध्ये वेगवेगळ्या ओळींवर शाबूत आहेत तोवर हा दोष सुधारता येतो. योग्य प्रोग्रामने त्यांना विलग करून सेकंदास ५० पूर्ण चौकटी बनवल्या, तर रेषा जातात आणि हालचालीतील सहजताही टिकते. आमच्या फाइलमध्ये मात्र कोणीतरी चित्र मोठे दिसावे म्हणून ५७६ ओळींच्या १०८० ओळी केल्या होत्या, आणि त्याही दोन अर्धी चित्रे विलग करण्यापूर्वी. ओळी एकमेकींत मिसळल्या. कोणती ओळ कोणत्या क्षणाची हे सांगणारी खूणच पुसली गेली. म्हणून हा नियम लक्षात ठेवावा : आधी विलगीकरण, मग आकारातील बदल.

आकार वाढवल्याने तपशील वाढत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. उलट तो कमी करण्याचे प्रकार सहज घडतात. एकेकाळी अनेकांनी आपल्या कॅसेट व्हीसीडीवर उतरवून घेतल्या. त्या पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचे असते आणि त्यास सेकंदाला केवळ सुमारे ११५० किलोबिट मिळतात. अर्ध्या ओळी आणि अर्धी हालचाल तेथेच गेली. ती नंतरच्या कोणत्याही प्रोग्रामने परत येत नाही. अशा व्हीसीडीची मूळ कॅसेट अद्याप घरात असेल, तर ती पुन्हा उतरवून घ्यावी.

हानीचे दुसरे रूप म्हणजे संक्षेपावर संक्षेप. एच.२६४ सारखे कोडेक डोळ्यांस फारसे न जाणवणारे तपशील टाकून देते. टाकलेले परत येत नाही, आणि पुढचा प्रत्येक संक्षेप उरलेल्यातूनच आणखी टाकतो. आमच्याकडील सभेचे चित्र तीन रूपांतरांत पुसट झाले ते यामुळे. जुन्या फितीवरील चित्रात थरथरणारे कण पुष्कळ असतात. ते साठवण्यातच बरेच बिट खर्च होतात आणि कमी बिट दिल्यास चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

सर्वच खुणा दोषाच्या नसतात, हेही ध्यानात असावे. व्हीएचएस चित्राच्या तळाशी काही ओळी वेड्यावाकड्या दिसतात. व्हीसीआरची एक चुंबकीय डोकी दुसरीकडे काम सोपवते त्या जागेची ती खूण आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती झाकली जाई. तिच्यासाठी फीत पुन्हा उतरवण्याची गरज नाही.

कार्याचा क्रम

वरील विवेचनावरून कार्याचा क्रम आपोआप निश्चित होतो. प्रत्येक फितीच्या दोन फाइल कराव्यात. पहिली जतनासाठी, दुसरी पाहण्यासाठी. पॅल चित्र अजिबात संक्षेप न करता ठेवले, तर त्याच्या नेहमीच्या आठ बिटांच्या रूपात एका तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. एफएफव्ही१ हे कोडेक एकही बिंदू न गमावता हा आकार बराच कमी करते; ते २०२१ साली अधिकृतपणे नोंदले गेले असून जगातील अनेक अभिलेखागारांत वापरात आहे. तेवढीही जागा नसेल तर डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी पुरतात. जतनाच्या फाइलमध्ये काहीही सुधारू नये.

पाहण्याची फाइल नेहमी या जतन-फाइलपासूनच तयार करावी. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज एमपी४ वेष्टनात ठेवले, तर ते बहुतेक फोनवर व टीव्हीवर चालते. हँडब्रेकसारख्या प्रोग्राममध्ये गुणवत्तेचा अंक असतो. तो जितका लहान तितके चित्र चांगले. जुन्या फितींसाठी १८ ते २० च्या दरम्यान ठेवावा. सेकंदाला ४ मेगाबिट धरल्यास एका तासाचे चित्र सुमारे १.८ जीबीत मावते. संपूर्ण सभा रूपांतरित करण्यापूर्वी हालचाल, अंधार आणि बोलणारा चेहरा असलेला एक मिनिटाचा तुकडा करून पाहावा. अमेरिकेतून वा जपानमधून आप्तांनी पाठवलेली फीत एनटीएससी पद्धतीची, सेकंदाला २९.९७ चौकटींची असते. तिचा वेग २५ वर आणू नये, अन्यथा चित्र धक्के देत चालते.

जतन-फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यांची एसएचए-२५६ पद्धतीची बेरीज काढून लिहून ठेवावी. वर्षाकाठी ती ताडून पाहिली की फाइल गुपचूप बिघडली तर लगेच कळते. आणि काम पूर्ण झाले असे वाटले, तरी कॅसेट टाकून देऊ नये.

हे सर्व आताच केले पाहिजे, यास कारण आहे. युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय फितींसंबंधी जगभर इशारा दिला, तो फिती जीर्ण होतात म्हणून आणि त्या वाजवणारी यंत्रे नाहीशी होत आहेत म्हणूनही. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जी यंत्रे चालतात ती सर्व जुनी आहेत आणि ती दुरुस्त करणारे हातही थोडे आहेत.

त्या सभेतील वक्त्याचे शब्द आता ओठांशी जुळले आहेत, चेहरा आपल्या मूळ रूपात आला आहे. पण हात उंचावला की रेषा उमटतात, आणि त्या तशाच राहणार. आपल्या कपाटातील कॅसेट अजून शाबूत असेल, तर हे टाळणे वाचकांच्या हाती आहे.